‘सोडणे’ आणि ‘उतरणे’ : ‘एकच प्याला’तील एका जागेचा विचार

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारीत बडोदे येथे प्रथम रंगभूमीवर आणले. नाटककाराचे निधन त्याआधी महिनाभरच झाले होते. सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद, शोकात्मिका म्हणून नाटकाची बांधणी या विषयांची चर्चा आपल्याकडे इतकी झाली आहे की तीत भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला एका लहानशा जागेकडे लक्ष वेधावयाचे आहे. सुधाकर दारू सोडतो, ती ही जागा.

सुधाकर पश्चात्तापाने पोळतो, शपथ घेतो आणि नोकरीच्या शोधार्थ जुन्या परिचितांच्या दारी जातो. तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. या प्रसंगात नाटककाराची सारी दृष्टी अपमानावर खिळलेली आहे. शपथ आणि दुसरे पतन यांच्यामध्ये सुधाकराला मन आहे, अभिमान आहे, वाणी तर विपुल आहे. शरीर मात्र नाही. त्याचे हात कापत नाहीत, त्याला घाम फुटत नाही, त्याची झोप उडत नाही. मद्यपीच्या तीन अवस्थांचे जे प्रसिद्ध भाषण तो रामलालपाशी करतो, त्यात देहाच्या पराधीनतेची चाहूल लागते, हे मान्य केले पाहिजे. परंतु भाषणात जे सुचविले ते कृतीत उतरलेले नाही. प्रेक्षक घरी जातो तो एवढेच घेऊन, की सोडणे हे निश्चयाचे काम होय, आणि ज्याला सोडता आले नाही त्याचा निश्चय कच्चा.

हा आक्षेप कोणास वैद्यकी चिकित्सकपणाचा वाटेल. मलाही तो तसा वाटला असता. परंतु फोंडाघाटच्या आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आड आली. माझी आते वैधव्य आल्यापासून बारा वर्षे झोपेची गोळी घेत असे. डॉक्टरांनी दिलेली, रोज रात्री एक, कधी दोन नाहीत. घरातल्या कोणीतरी म्हटले, ‘ही दारूचीच बहीण, एकदाची सोडून टाक.’ तिने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले आणि त्या रात्रीपासून गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी तिला भांड्याचा आवाज सोसेना, उजेड सोसेना. पायाखालची जमीन हलते असे ती म्हणू लागली. चवथ्या रात्री तिला झटका आला. कोणी बाधा म्हटले, कोणी हट्ट. ती स्वतः एवढेच म्हणाली, ‘माझ्यातच कायतरी उणा आसा.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिने ‘एकच प्याला’ पाहिले होते की नाही हे मी विचारले नाही. परंतु त्या नाटकाने घडविलेली समजूत तिच्यापर्यंत निश्चित पोहोचली होती.

वास्तविक ‘दारूची बहीण’ हा शेरा शरीरशास्त्राच्या दृष्टीने खराच होता. काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या आणि मद्य ही मेंदूतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचा प्रभाव वाढवितात. वर्षानुवर्षे हे बाहेरचे बळ मिळत राहिले म्हणजे मेंदू आपला तोल त्या हिशेबाने लावून घेतो. मग ते एकाएकी काढून घेतले की आवरणारे कोणी उरत नाही. निद्रानाश, कंप, भय, क्वचित् अपस्मारासारखे झटके आणि भ्रम ही त्याची फळे. म्हणूनच मद्यपीची दारू सोडविताना डॉक्टर याच जातीच्या गोळ्या देतात आणि त्या क्रमाने कमी करतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेणाऱ्यासही हा त्रास होऊ शकतो. त्याचा शीलाशी संबंध नाही.

गडकऱ्यांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. मद्यप्यांच्या कंपयुक्त भ्रमाला १८१३ मध्ये टॉमस सटन याने नाव दिले होते खरे. परंतु तो दारूमुळे होतो की दारू तुटल्यामुळे, हा वाद पुढे शतकाहून अधिक काळ चालला. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने त्याचा निर्णय लावला तो १९५५ मध्ये. या गोळ्यांपैकी पहिली, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आली आणि १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर याने ती अचानक बंद केल्याचे दुष्परिणाम नोंदविले. तेव्हा १९१९ च्या नाटककाराला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते आजच्या समीक्षकाला आणि दिग्दर्शकाला ठाऊक नसावे, याला सबब नाही.

आपली भाषाही येथे तोकडी पडली आहे. ‘तलफ’ हा शब्द इच्छा सांगतो, देहाचे बंड सांगत नाही. त्या बंडाला मराठीत नाव मिळाले ते गर्द ओढणाऱ्यांकडून : ‘टर्की’. अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिले, आणि १९८६ मध्ये पुण्यास सुरू झालेल्या मुक्तांगणविषयीही लिहिले; व्यसनी माणसाच्या शरीराला मराठी गद्यात जागा मिळाली ती अशा लेखनातून, आणि हे त्याचे मोठे वाङ्मयीन श्रेय आहे. परंतु टर्की हा शब्दही एका झटक्यात तोडण्याचाच आहे. गर्दची टर्की भयंकर असली तरी एरव्ही धडधाकट माणूस सहसा त्यातून वाचतो; शामक गोळ्यांचा एकाएकी झालेला वियोग जिवावर बेतू शकतो.

‘अमल उतरणे’, ‘ताप उताराला लागणे’ हे प्रयोग भाषेत पूर्वीपासून आहेत, त्यांचा विचार व्हावा. फोंडाघाटात वाढलेल्या माणसाला सोडणे आणि उतरणे यांतील अंतर समजावून द्यावे लागत नाही. दाजीपुराकडून खाली येणारा ट्रकचालक गिअर खालचा ठेवतो आणि सारा भार ब्रेकवर टाकीत नाही. २०२५ मध्ये अमेरिकन वैद्यकसंस्थांनी मिळून काढलेली मार्गदर्शिकाही प्रारंभी दर दोन ते चार आठवड्यांस शेकडा ५ ते १० एवढीच मात्रा कमी करण्याचा विचार करावा असे सांगते. गती रोग्याची प्रकृती पाहून डॉक्टरांनी ठरवावयाची.

कणकवलीच्या डॉक्टरांनी आतेची गोळी पुन्हा सुरू केली आणि चौदा महिन्यांत उतरविली. त्याची नोंद तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठेवली आहे : पाऊण, अर्धी, पाव. भाद्रपदात गणपतीला मुंबईकर घरी आले, त्या महिन्यात मात्रा तशीच ठेवलेली दिसते.