मूळ भाग म्हणजे कोणाचे मूळ? जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि ‘ऑल ओरिजिनल’चा दावा

मागच्या वेळी आपण थीसियसच्या जहाजापाशी थांबलो होतो. एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का, हा प्लूटार्कने नोंदवलेला जुना प्रश्न. आणि काढलेल्या फळ्या गोळा करून कुणी दुसरं जहाज उभं केलं तर खरं कोणतं, ही हॉब्जने त्यात घातलेली भर. त्यावर काहींनी म्हटलं की हे सगळं पुस्तकी आहे, यावाचून कुणाचं काय अडतं? म्हणून आज असं उदाहरण घेऊ, की जिथे या प्रश्नाच्या उत्तरावर रोख पैसे मोजले जातात.

उदाहरण आहे १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अमेरिकन इलेक्ट्रिक गिटारचं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनची फेंडर, मिशिगनमधल्या कॅलामाझूची गिब्सन. या गिटार विकताना दोन शब्द लावले जातात : ‘ऑल ओरिजिनल’. आज आपल्याला या दोन शब्दांची चिकित्सा करायची आहे. आम्हांला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण लिओ फेंडरलाही येत नव्हती, तेव्हा ती अडचण फार मोठी मानायला नको.

आता ही वस्तू कशी आहे ते बघा. १९५४ साली आलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर. लाकडाची बॉडी, तिला चार स्क्रूंनी आवळलेली नेक, प्लॅस्टिकच्या पत्र्यावर बसवलेले तीन पिकअप, खाली आवाजाचा एक आणि टोनचे दोन पॉट. नेक स्क्रूने बसवली, कारण ती खराब झाली तर काढून दुसरी लावता यावी. म्हणजे बनवणाऱ्याच्याच मनात ही वस्तू सुट्या भागांची होती. कारखान्यात बॉडींचा एक ढीग, नेकचा दुसरा. हाताला येईल ती नेक हाताला येईल त्या बॉडीवर बसायची. त्यामुळे नेकच्या टाचेवर एक महिना आणि बॉडीच्या आत दुसराच महिना लिहिलेला सापडला, तरी त्यात काही काळंबेरं असेलच असं नाही.

आणि अनुक्रमांक? तो तर गंमतच आहे. फेंडरच्या त्या काळातल्या गिटारवर नंबर ठोकलेला असतो तो नेकमागच्या धातूच्या पट्टीवर. चार स्क्रू काढले की पट्टी हातात! ज्या खुणेने वस्तूची ओळख पटवायची, तीच खूण वस्तूवरून सर्वांत सहज निघते. शिवाय पट्ट्याही क्रमाने लावल्या जात नसत.

मग जाणकार काय करतात? ते गिटार उघडतात. पॉटच्या पाठीवर आकडे असतात. समजा ३०४ ६३२० असं आहे. तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६३ म्हणजे १९६३, आणि २० म्हणजे विसावा आठवडा. यावरून गिटार १९६३ ची आहे असं म्हणावं का? इथे आपल्या नैयायिकांना बोलवावं लागतं. धूर दिसला की अग्नी, हे अनुमान चालतं, कारण धूर अग्नीवाचून कुठेच आढळत नाही. पण ‘जुना पॉट आहे, म्हणून जुनी गिटार’ हा हेतू सव्यभिचारी आहे. जुना पॉट कालच्या गिटारमध्येही बसतो. पॉट मुळापासून तिथेच असेल तर तो एवढंच सांगतो, की गिटार त्या आठवड्याच्या आधी पुरी झालेली नाही. नंतर किती, ते सांगत नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा भरला, की १९६६ चे आकडे पुढची काही वर्षं निघालेल्या गिटारमध्येही सापडतात.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. बाजार तीन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबतो. हा भाग त्या काळातला आहे का? हा भाग याच गिटारवर कारखान्यातून बाहेर पडला का? आणि तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नाही ना? पहिल्याचं उत्तर भागाकडे बघून बऱ्याच अंशी देता येतं. १९६४ च्या सुमारापर्यंत पिकअपचा तळ काळा, मग करडा. नेकवरचे ठिपके आधी एका प्रकारचे, मग मोत्यासारखे. हे शिकता येतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र भागात नसतंच. ‘मूळचा असणं’ हा रंगासारखा किंवा वजनासारखा गुण नाही. तो संबंध आहे, या भागाचा त्या गिटारशी असलेला. आणि संबंध भिंगाखाली दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा : न हललेलं सोल्डर, पिकगार्डखाली न उडालेल्या रंगाची सावली, स्क्रूच्या भोकाचे न झिजलेले काठ. अतिनील दिव्याखाली जुना लॅकर हिरवट-पिवळसर चमकतो आणि नंतर मारलेला थर बहुधा वेगळा उठून दिसतो. पण या सगळ्या खुणा एकाच बाजूने बोलतात. हात लागला असेल तर त्या चहाडी करतात. लागला नाही हे शपथेवर सांगत नाहीत. कारण आता जुनं सोल्डर, जुनी वायर, झिजवलेले स्क्रू, सगळं मिळतं.

गिब्सनकडे वळलो तर पेच आणखी घट्ट होतो. १९५८ ते ६० मधली सनबर्स्ट लेस पॉल ही या बाजारातली सर्वांत महागडी चीज. तिचे पिकअप सेथ लव्हरचे. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची, पण ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं छापलेली चिकटपट्टी त्यानंतरही काही काळ लागत राहिली. पुढे पेटंटचा नंबर छापला, तोही पिकअपचा नव्हे, लेस पॉलच्या एका टेलपीसचा! म्हणजे कारखान्याचा स्वतःचा कागदच खरं सांगत नाही; आणि आपण त्या कागदाच्या खरेपणावर हजारो डॉलर लावतो. आतल्या बॉबिनचा रंग बघायचा तर वरचं धातूचं आवरण उघडावं लागतं, त्याचं सोल्डर तोडावं लागतं. तोडलं, की ‘कुणी हात लावलेला नाही’ हा दावा संपला. खात्री करायला गेलो, तर जिची खात्री करायची तीच गोष्ट आपण मोडतो.

यात नुकसान कुणाचं? फसलेल्या गिऱ्हाइकाचं, हे उघड आहे. पण वाद्यांचंही. या पिकअपना एवढा भाव आला, की ते काढण्यासाठी त्याच काळातल्या दुसऱ्या धडधाकट गिब्सन गिटार सोलल्या गेल्या. थोड्या आधीच्या सोनेरी लेस पॉल खरवडून त्यांची सनबर्स्ट बनवली गेली. अस्सलपणाच्या ओढीनेच अस्सल वस्तू संपवल्या.

यावर कुणी म्हणेल, आवाज तोच येत असेल तर फरक काय पडतो? हे आम्हांला मान्य नाही. नेल्सन गुडमनने १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये बनावट चित्राबद्दल दाखवलं, की आज फरक दिसत नसला तरी तो आहे हे ठाऊक असणं आपल्या बघण्यावर परिणाम करतं. गिटारलाही ते लागू आहे. शिवाय ती कामगारांच्या हाताचा पुरावा आहे. कुणी कशी वायर जोडली, हे त्या सोल्डरवरूनच कळतं. तो पुरावा खोटा करणं म्हणजे खोटं बोलणंच.

पण पुरावा जपणं वेगळं आणि ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा शिक्का मारणं वेगळं. न्याय-वैशेषिकांचं मत आठवा. अवयवी अवयवांहून निराळा; वस्त्रातला एक धागा काढला तर जुनं वस्त्र नष्ट होतं आणि उरलेल्या धाग्यांचं खंडपट जन्माला येतं. बौद्धांनी हा अवयवीच नाकारला; मिलिंद राजाला नागसेन विचारतो, चाक रथ आहे का, आस रथ आहे का? बाजार दोघांचंही थोडं थोडं उचलतो. जाहिरातीत तो कडक नैयायिक : एक पॉट बदलला की ‘ऑल ओरिजिनल’ गेलं. किमतीत मात्र तो बौद्ध : भागागणिक बेरीज-वजाबाकी. पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत साधारण निम्मी धरायची, हा तिथला ढोबळ हिशेब.

आपल्याकडे मिरजेच्या कारागिरांकडे तानपुरा जातो, तारांनी झिजलेल्या घोडीची जवारी पुन्हा करून येतो, आणि तानपुरा ‘मूळचा राहिला नाही’ असं कुणी म्हणत नाही. वाजणाऱ्या वाद्याचे फ्रेट झिजणारच. न झिजलेले मूळ फ्रेट म्हणजे बहुधा न वाजलेली गिटार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी शब्दप्रमाणावरच येतं : पहिल्या मालकाची पावती, जुने फोटो, दुरुस्ती करणाऱ्याची वही. वात्स्यायनाच्या व्याख्येत आप्त तो, ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. विकणारा पहिल्या अटीत बसेल. दुसरीत त्याला बसवणं अवघड आहे. म्हणून विकणाऱ्याने ‘ऑल ओरिजिनल’ लिहूच नये, असं आमचं म्हणणं आहे. त्याने भागवार लिहावं : हा त्या काळातला दिसतो, इथलं सोल्डर हललेलं आहे, हे आम्ही उघडलेलं नाही. जाहिरात लांबेल, लांबू द्या.

आणि एक गोष्ट त्याच बाजाराची. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलमध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या आणि त्यांतल्या तिघींचे भाग जुळवून ‘ब्लॅकी’ बनवली. २००४ मध्ये ती ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटची नेक कितीदा तरी बदलली, पिकअप बदलले, पिकगार्ड बदललं. २०१९ च्या लिलावात तिला ३९,७५,००० डॉलर मिळाले. दोघींपैकी एकीलाही ‘ऑल ओरिजिनल’ म्हणता आलं नसतं, आणि दोन्ही वेळा कोणता भाग कुठून आला याची चर्चा उघडपणे झालेली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.