भौतिक पूर्ण आणि अनुभवातील पूर्ण

एखादी चाल वरच्या पट्टीत गायली, तर तिचा प्रत्येक स्वर बदलतो. तरीही ती तीच चाल म्हणून ओळखू येते. एरेनफेल्स यांनी १८९० मध्ये या अनुभवाकडे लक्ष वेधले. घटकांच्या बेरजेपलीकडचे हे 'पूर्णत्व' येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर वोल्फगांग कोह्लर यांनी १९२० मध्ये भौतिकीत शोधले. विलग वाहकावरील विद्युत्भाराचा काही अंश काढून घेतला, तर तेथे पोकळी राहत नाही; उरलेला भार सर्व पृष्ठभागावर पूर्वीच्याच प्रमाणात विभागला जातो. अंशांचे नियमन पूर्णाने करणे ही मनाची मक्तेदारी नव्हे, असे यावरून दिसते. मेंदूतील क्षेत्रेही अशीच असून संवेदनांची रचना त्यांच्याशी समरूप असते, हा कोह्लर यांचा सिद्धान्त होय.

प्रयोगांनी त्याला आधार दिला नाही. लॅश्ली व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये माकडांच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्रावर सोन्याच्या पट्ट्या बसवल्या; विद्युत्प्रवाहाची वाट बदलूनही आकृती ओळखण्याची क्षमता फारशी उणावली नाही. परंतु मूळ अडचण प्रायोगिक नसून संकल्पनात्मक आहे. वाहकावरील भारविभाजन कधी 'चुकत' नाही, 'अपुरे' राहत नाही. समेपूर्वी तुटलेली तान मात्र अपुरी वाटते, आणि तीही तालाचा संस्कार असलेल्या श्रोत्यालाच. साबणाचा फुगा किमान पृष्ठफळाकडे झुकतो, असा प्रतिवाद संभवतो; पण वेडावाकडा झालेला फुगाही तेच नियम तितक्याच काटेकोरपणे पाळत असतो. त्याला अपूर्ण ठरवतो तो पाहणारा. अपूर्णतेच्या जाणिवेत निकष गृहीत असतो, आणि कारणांची साखळी कितीही लांबवली तरी तिच्यातून निकष निष्पन्न होत नाही.

हा भेद मराठी समीक्षेलाही महत्त्वाचा आहे. संवाद, विरोध आणि समतोल या मर्ढेकरप्रणीत लयतत्त्वांपैकी 'समतोल' हा शब्द भौतिकीतही आढळतो; म्हणून कवितेचा समतोल हा बलांचा समतोल ठरत नाही. कवितेतून एक कडवे गाळले, तर उरलेल्या ओळी विद्युत्भाराप्रमाणे आपोआप पुन्हा जुळून येत नाहीत. उणीव वाचकाला जाणवते, आणि ती उणीव का आहे याची कारणमीमांसा त्याच्याकडे मागता येते. वाहकाकडे अशी मागणी करता येत नाही. पूर्णाच्या अनुभवाला आवश्यक असलेली शारीर यंत्रणा भौतिकी उलगडू शकेल. त्या अनुभवाची यथार्थता तपासण्याचे काम मात्र समीक्षेकडेच राहते.