'शीऽन' : नि:शब्दतेचा उच्चार

जपानीतील 'शीऽन' या शब्दास ध्वन्यनुकारी म्हणणे अडचणीचे आहे; त्याने सूचित होते ती नि:शब्दता. ध्वनीचे अनुकरण करणारे 'गिओंगो' आणि स्थिती सुचविणारे 'गिताइगो' या जपानी वर्गीकरणात तो दुसऱ्या गटात पडतो. मांगा-चित्रकथांत मात्र तो इतर आवाजांप्रमाणेच चौकटीत ठळकपणे लिहिला जातो. हा प्रघात आपण पाडल्याचे तेझुका ओसामु (१९२८–१९८९) यांनी म्हटले आहे. हिमपाताची नि:शब्दता सांगणारा 'शिन्शिन्' अर्थातच त्याहून जुना. भाषांतरात ही अक्षरे पुसली, की घडणारी शांतता जाऊन केवळ आवाजाचा अभाव उरतो. मराठी 'शुकशुकाट' नादाने जवळचा, पण तो ओस जागेचा. 'शीऽन' भरल्या सभेतही पसरतो. 'चिडीचूप'मध्ये माणसे आहेत, परंतु धाकही आहे. फसलेल्या विनोदानंतरच्या शांततेला तो चालणार नाही.