पूर्वनिर्मित बांधकाम : सांध्याचा प्रश्न

पूर्वनिर्मित बांधकामाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्याचा भर बहुतांशी कारखान्यावर असतो. पोलादी साचे, वाफेवरील क्युरिंग, प्रत्येक घटकाची तपासणी, वाचणारा वेळ यांचे त्यात सविस्तर वर्णन येते. हे गुण खोटे नाहीत. परंतु कारखान्यातून येतात ते सुटे घटक. त्यांची इमारत होते ती सांध्यामुळे, आणि सांधा भरला जातो प्रत्यक्ष जागेवर, मजुराच्या हाताने. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे, अभियंता नव्हे. तथापि हा प्रश्न श्रमाचाही असल्यामुळे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजली निवासी इमारत डेन्मार्कच्या लार्सन-निल्सन पद्धतीने बांधली होती. तीत स्वतंत्र सांगाडा नव्हता. भिंतींची व जमिनींची काँक्रीट पॅनेल्स एकावर एक रचून जोडलेली होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. बाहेरची भिंत निखळताच वरच्या मजल्यांचा आधार गेला व त्यांच्या भाराने खालचा संपूर्ण कोपरा कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. इमारतीत रहिवासी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

चौकशीनंतर १९७० मध्ये ब्रिटनच्या बांधकाम नियमांत बदल झाले. आराखड्यातील दोष त्यामुळे उघड झाला; कारागिरीतील दोष मात्र १९८६ मध्ये ही इमारत मजल्यामागून मजला उतरवताना दिसला. ज्या सांध्यांत सिमेंटचा मसाला असावयास हवा होता, तेथे काही ठिकाणी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले आढळले! कारखान्यातील काटेकोर तपासणी या रिकाम्या सांध्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

पूर्वनिर्मितीमुळे कुशल कारागिरांची गरज उरत नाही, हा दावा म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. कौशल्याची गरज संपत नाही, ती मोजक्या जागी एकवटते. तेथील चूक वरून झाकली जाते. त्यातच ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याने इमारत जितकी उंच तितके अधिक अनुदान मिळू लागले होते. उंची व वेग यांना मोल होते, सांध्याला नव्हते.

हा परदेशातील जुना अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील अनेक पूर्वनिर्मित शाळांची छते कोसळली. छताच्या फळ्या भिंतींशी व परस्परांशी पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. पुढे भारतीय मानक १५९१६ : २०१० प्रसिद्ध झाले. पण मानक कागदावर असते, मसाला भरणारा माणूस पराच्यांवर. पूर्वनिर्मित घरकुलांच्या अहवालांत किती दिवसांत किती घरे, हा आकडा ठळकपणे दिला जातो. सांधे कोणी भरले, कोणी तपासले आणि त्या कामाची मजुरी दिवसावर होती की नगावर, हेही अभ्यासकांनी त्याच अहवालांत मागावे.