प्रतिसादांतली मैत्री

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एक गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याच्या जाण्याने त्याचा मित्र कार्तिकेय व्याकूळ होतो, म्हणून गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून तिला काव्यपुरुषामागे पाठवते. दोघे देशोदेशी फिरतात. प्रदेश बदलतो तसा वेष, नृत्य आणि बोलण्याची रीत बदलते. सुरुवातीला तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारा काव्यपुरुष हळूहळू वळतो आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. आमच्याकडच्या सभासंमेलनांत ही कथा गावाचा मोठेपणा सांगण्यासाठी येते. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. काव्याला जी सोबत मिळाली ती त्याच्या मागोमाग चालणारी आणि त्याला जाणून घेणारी होती. लिहिणाऱ्याची भूक ही अशा सोबतीची असते. टाळ्यांनी ती भागत नाही.

गेल्या पंचवीसेक वर्षांत मराठीत ही भूक एका नव्या जागी भागली. मायबोली १९९६ साली सुरू झाली, मनोगत २००४ साली, मिसळपाव २००७ साली आणि ऐसी अक्षरे २०११ साली. या संकेतस्थळांवर लिहिता लिहिता झालेल्या मैत्रीच्या आठवणी आता पुष्कळ लिहिल्या जातात. दिवाळी अंकांत त्या येतात, संकेतस्थळांच्या वर्धापनदिनी येतात, कुणी सदस्य अचानक गेला की येतात. असे लेखन मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे. या लेखात त्याकडे समीक्षेच्या नजरेने पाहायचे आहे, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट सतत निसटते, असे माझे मत झाले आहे.

या आठवणींचा साचा ठरलेला आहे. आधी टोपणनावाची गंमत येते. मग पहिल्या भेटीची धाकधूक, स्थानकावर किंवा हॉटेलाच्या दारात एकमेकांना ओळखण्याचा प्रसंग, ‘पहिल्यांदा भेटतोय असे वाटलेच नाही’ हे वाक्य, खाण्याच्या पदार्थांची यादी, एकत्रित छायाचित्र. पुढे कुणाच्या आजारपणात धावून आलेले मित्र, परदेशात मिळालेला आधार. हे सगळे खरे आहे आणि लोभस आहे. पण लेख मिटल्यावर मी स्वतःला एक प्रश्न विचारतो : ही माणसे एकमेकांचे काय वाचून जवळ आली? कोणत्या लेखाखाली, कोणत्या वाक्यामुळे? याचे उत्तर बहुतेक लेखांत नसते. सहलीत किंवा गृहसंकुलात झालेल्या मैत्रीचे वर्णनही याच शब्दांत करता येईल. लेखनातून झालेली मैत्री म्हणून सांगायची आणि त्यातले लेखनच वगळायचे, असे तिथे घडते.

ती मैत्री जिथे खरोखर घडली ती जागा म्हणजे लेखाखालचे प्रतिसाद. प्रतिसाद हा एक लेखनप्रकार आहे आणि मराठी समीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी, असे मला वाटते.

त्याचे पूर्वज आपल्याकडे आहेत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत आणि माणसांच्या वर्दळीपासून दूर राहत. सुनीता देशपांडे आणि त्यांच्यात पत्रांतून जी मैत्री झाली, तिचे दोन्ही काठ आज छापील आहेत. सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’मध्ये आहेत आणि जीएंची सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे त्यांच्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडात. ही पत्रे आपण साहित्य म्हणून वाचतो, कारण त्यांत दोन माणसे एकमेकांचे लेखन आणि वाचन गंभीरपणे घेताना दिसतात.

दुसरे उदाहरण आमच्या विदर्भातले. सुरेश भटांनी गझलेचे तंत्र समजावणारी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि ती नवोदितांना पाठवली. गावोगावच्या मुलांच्या गझला ते पत्रांतून तपासत. २००३मध्ये भट गेले. पुढे त्यांच्याच नावाचे संकेतस्थळ निघाले आणि तिथे मराठी गझलकार एकमेकांचे शेर तपासू लागले. जे काम एक गुरू टपालाने करत होता, ते तिथे बरोबरीचे लोक सगळ्यांच्या देखत करू लागले. मायबोलीवर गझल कार्यशाळाही झाल्या. मात्रा कुठे वाढली, काफिया कुठे सैल पडला, हे तिथे सहभागी एकमेकांना सांगत. ज्यांचे चेहरे एकमेकांना माहीत नव्हते, त्यांना एकमेकांची लय मात्र पाठ होती.

पत्र आणि प्रतिसाद यांतला फरक इथे कळतो. पत्र दोघांत असते. प्रतिसाद एका माणसाला उद्देशून असतो, पण तो सगळ्यांसमोर लिहिला जातो आणि त्याला तिसरा माणूसही उत्तर देऊ शकतो. त्यामुळे पत्रातली हळवी मोकळीक त्याला नसते आणि परीक्षणातला अलिप्तपणाही त्याला परवडत नाही. या दोन्हींच्या मधली, घरच्या ओसरीवर बसल्यासारखी एक भाषा त्याला तयार करावी लागली.

ती भाषा तपासण्यासारखी आहे. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ‘वाखुसा’ म्हणजे वाचनखूण साठवली आहे. ‘हघ्या’ म्हणजे हलके घ्या. इंग्रजीतल्या ‘लाइट’चा श्लेष करून कुणी ‘दिवे घ्या’ म्हणू लागले आणि चेष्टेच्या वाक्यानंतर दिवे देण्याची रीत पडली. नुसते वाचणारा, न लिहिणारा सदस्य ‘रोमात’ असतो; रीड ओन्ली मोड या तीन शब्दांची ती आद्याक्षरे. मायबोलीवर एकमेकांशी बोलायची ‘विचारपूस’ होती, मिसळपाववर ‘खरडवही’. भेटीला एका ठिकाणी ‘गटग’ म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी ‘कट्टा’. या शब्दांना पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. पण त्यांतले बहुतेक शब्द वाचण्याच्या क्रियेभोवती जमले आहेत : वाट पाहणे, खूण ठेवणे, नुसते वाचत राहणे. एखाद्या समाजाने वाचकाच्या इतक्या अवस्थांना नावे दिली, तर तिथे वाचकाला मान आहे असेच समजायचे.

आणखी एक गोष्ट व्याकरणाची. मराठीत भूतकाळी बोलताना आपण स्त्री की पुरुष हे लपवणे अवघड असते. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, यांतले एक म्हणावेच लागते. पण ‘मी वाचले’, ‘आवडले’, ‘पटले नाही’, ‘दुसरा परिच्छेद पुन्हा वाचला’ या वाक्यांतून लिंग कळत नाही, कारण क्रियापद कर्त्याऐवजी वाचलेल्या गोष्टीच्या मागे जाते. प्रतिसादाची वाक्ये बहुतांशी याच घडणीची असतात. त्यामुळे टोपणनाव घेतलेला माणूस कुठलीही लबाडी न करता वर्षानुवर्षे वय, जात, लिंग न सांगता बोलू शकतो. नावावरून, आडनावावरून आणि गावावरून माणूस जोखणाऱ्या आपल्या समाजात ही लहान सवलत नाही. भाषेच्या घडणीनेच तिथे आधी लेखन आणि मग माणूस असा क्रम लावून दिला.

या क्रमाचा लाभ मलाही झाला. १९९८मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा. विद्यापीठ अमरावतीला, मोठी ग्रंथालये नागपूरला आणि पुण्याला. पदवीनंतरचे माझे शिक्षण पुस्तके आणि ताम्रपट यांच्यामागे स्वतः हिंडूनच झाले. वाशीमला सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटावर मी एका संकेतस्थळावर लिहिले, तेव्हा चार-सहा ‘छान माहिती’ आल्या. मग एका अपरिचित टोपणनावाने विचारले की, हा लेख संस्कृतातून प्राकृतात जातो म्हणता, तर तो नेमका कुठे जातो आणि का जात असेल? राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, हे एवढे सांगायला मी पुढचा पूर्ण भाग लिहिला. प्रश्न विचारणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे मला दोन वर्षे ठाऊक नव्हते. पुढे आम्ही बारा वर्षे एकमेकांचे वाचत राहिलो. त्यांतल्या दोन भेटी प्रत्यक्षातल्या, दोन्ही धावपळीच्या. आज तो आयडी निमाला आहे. त्यामागचे माणूस गेले. त्या मैत्रीत काय होते, असे कुणी विचारले तर मी भेटींची छायाचित्रे दाखवणार नाही. मी तो प्रश्न दाखवीन.

मैत्रीने वाचनाचे नुकसानही केले, हे मान्य केले पाहिजे. संकेतस्थळांवरचा ‘कंपू’ हा शब्द उगाच जन्मला नाही. ओळख झाली, घरी जेवण झाले, की ‘पटले नाही’ लिहिताना हात जड होतो. ‘पुलेशु’ आशीर्वादासारखे सुरू झाले आणि अनेकदा न वाचल्याची पावती होऊन बसले. कंपूबाहेरच्या नवख्याच्या लेखावर तुटून पडायचे आणि आतल्याच्या सुमार लेखाला डोक्यावर घ्यायचे, हेही घडले. काहींनी कंटाळून लिहिणे सोडले. आठवणींच्या लेखांतून हा भाग गाळला जातो तेव्हा मैत्रीचेही मोल कमी होते. ओळख वाढल्यावरही ज्याने स्पष्ट लिहिले, त्या मित्राची किंमत कंपू आठवल्याशिवाय कशी कळणार?

मायबोलीवरचा ‘एस. टी. वाय.’ हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एकाने गोष्ट सुरू करायची, पुढच्याने ती उचलायची, त्याच्या पुढच्याने वळवायची. पुष्कळदा गोष्ट भरकटे. कला म्हणून तिचे मोल थोडेच. पण आपले पात्र दुसऱ्याच्या हाती देणे आणि त्याने त्याचे भलतेच केलेले सोसणे, ही मैत्रीची चांगली शाळा होती. त्या संकेतस्थळाच्या दिवाळी अंकांसाठी वेगवेगळ्या देशांतल्या सदस्यांनी मानधनाशिवाय संपादन केले. एकाच्या रात्री दुसऱ्याचा दिवस असे. शुद्धलेखनावरून वाद घालत अंक वेळेवर निघत. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात हे काम नोंदवावे लागेल.

आणि नोंदवायला वेळ फार नाही. संगणकावरचे लिहिणे कायमचे राहते, असा एक समज आहे. जिओसिटीज २००९मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४मध्ये, याहू ग्रुप्स २०२०मध्ये. मराठी माणसांच्या कितीतरी गप्पा, वाद, कविता त्यांवर होत्या. सायक्लोस्टाइल केलेले लघुनियतकालिक एखाद्याच्या माळ्यावर साठ वर्षांनीही सापडते. बंद झालेल्या संकेतस्थळाला माळा नसतो. लेखकांनी आपले लेख उतरवून घेतले, त्यांची पुस्तकेही निघाली. प्रतिसाद मात्र मागे राहिले, कारण ते आपले नाहीत असे प्रत्येकाला वाटले.

प्रतिसाद सहज लिहिलेले असतात, ते छापणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातले बोलणे चव्हाट्यावर मांडणे, असा आक्षेप कुणी घेईल. आक्षेप रास्त आहे. पण खासगी निरोप आणि उघड प्रतिसाद यांत भेद आहे. उघड प्रतिसाद लिहिणाऱ्याने तो सगळ्यांसाठीच लिहिलेला असतो. तरीही परवानगी घ्यावी, टोपणनावच राहू द्यावे, त्यामागचे खरे नाव उघड करू नये. पत्रसंग्रहांच्या संपादकांनी काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा विवेक पूर्वीपासून केला आहे. तोच इथेही चालेल.

माझे मागणे दोन गोष्टींपुरते आहे. संकेतस्थळावर आधी आलेले लेखन पुस्तकरूपाने छापताना, ज्या प्रतिसादांनी ते बदलले, वाढले किंवा अडवले गेले, त्यांना शेवटी चार पाने द्यावीत. आणि अशा मैत्रीची आठवण लिहिताना मिसळीच्या चवीसोबत मित्राचे एक तरी वाक्य, ज्या लेखाखाली आले त्याच्या नावासह, जसेच्या तसे उतरवावे. ते वाक्य ‘वा!’ एवढेच निघाले तर तेही काही सांगेल. पुष्कळांना मात्र जुनी पाने चाळताना एखादा असा प्रश्न सापडेल, ज्याचे उत्तर द्यायचे अजून राहिले आहे. ते उत्तर आता द्यायला हरकत नाही.