विमानावरचे नाव, विमानातील माणसे

लंडनमधील हेन्डन येथील हवाईदल संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील एक दोन आसनी बॉम्बफेकी विमान जतन करून ठेवले आहे. त्याचा क्रमांक एफ १०१०. हे विमान हैदराबादच्या निजामांनी भेट दिले, असा मजकूर त्यावर रंगवलेला आहे. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीवरील मोहिमेत ते शत्रूच्या हाती पडले आणि त्यातील कॅप्टन इंग्लिस व सेकंड लेफ्टनंट बॉडली युद्धकैदी झाले. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, तेथून दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये पोचले आणि १९७७ साली इंग्लंडला परतले. या साऱ्या प्रवासात त्याची ओळख सांगणारे नाव होते ते दात्याचे. त्यातून उडालेल्या दोघांची नावे शोधावयाची तर कागदपत्रांकडे वळावे लागते.

स्मृतिलेखाचा विचार साहित्याच्या दृष्टीने करावयाचा तर या विसंगतीपासून आरंभ करणे योग्य ठरेल. स्मारकावरील मजकूर हाही एक प्रकारचा लेखनबंध आहे. त्यात निवड असते, क्रम असतो, आणि वगळणेही असते. बॉम्बफेकी विमान एकट्याने चालत नाही. चालक, दिशादर्शक, बिनतारी यंत्र सांभाळणारा आणि तोफची यांच्या परस्परविश्वासावर ते उडते आणि कोसळते तेव्हा बहुधा सर्वांसह कोसळते. या समूहाचे स्मरण समूह म्हणून करणारा लेखनबंध आपल्याला सापडला आहे काय, हा या टिपणाचा प्रश्न आहे.

आदिलाबादच्या मराठी वाचकाने हा प्रश्न का विचारावा? ज्या पथकाला ही विमाने मिळाली ते ब्रिटिश हवाईदलाचे ११० क्रमांकाचे पथक. देणगीमुळे 'हैदराबाद' हे नाव त्याला कायमचे जोडले गेले आणि निजामाच्या राजचिन्हातील वाघ त्याच्या बोधचिन्हावर आला. आदिलाबाद जिल्हा त्या संस्थानाचा भाग होता. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुकेही १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. संस्थानाच्या वैभवाचा मोठा आधार शेतसारा होता. नांगर धरणाऱ्या रयतेला कोणी विचारले नाही. पण तिच्या राज्याचे नाव युरोपच्या आकाशात गेले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर या नावाला एक विलक्षण योग लाभला. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन युद्धनौकांवर पहिला बॉम्बहल्ला झाला. त्यात ११० क्रमांकाच्या पथकाची पाच ब्लेनहाइम विमाने होती. त्यांचे नेतृत्व फ्लाइट लेफ्टनंट डोरन यांच्याकडे होते. 'अॅडमिरल शेअर' या नौकेवर बॉम्ब पडले, पण फुटले नाहीत. सोबतच्या १०७ क्रमांकाच्या पथकाने पाचपैकी चार विमाने गमावली, ११० ने एक. त्या एका विमानाचे चालक होते फ्लाइंग ऑफिसर एमडेन. जर्मनांच्या ज्या क्रूझरवर विमान कोसळले तिचेही नाव 'एमडेन', आणि हे विमान याच एमडेनचे होते, अशी कथा युद्धविषयक पुस्तकांतून पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे.

समीक्षकाला येथे थांबावे लागते. नामसाम्याची ही कथा एवढी आकर्षक आहे की ती सांगून झाली म्हणजे सारे सांगून झाले असे वाटते. परंतु त्या विमानात सार्जंट ग्रॉसी, सार्जंट ऑटी आणि एअरक्राफ्ट्समन इव्हान्स हेही होते. त्यांच्या नावाची कोणतीही नौका नव्हती, म्हणून कथेत त्यांना जागा नाही. नौकेवर जे खलाशी मेले त्यांना तर त्याहूनही नाही. योगायोग ही कथेची सोय असते. मृत्यूचे मोजमाप तिच्यावरून करता येत नाही.

अधिकृत स्मारकांनी यावर काही उपाय केला आहे काय? १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने एक उदात्त तत्त्व स्वीकारले: प्रत्येक मृताचे नाव कोरले जाईल आणि हुद्द्यानुसार समाधीशिळेत भेद केला जाणार नाही. ज्यांची कबर सापडली नाही अशा वैमानिकांसाठी इंग्लंडमध्ये रनिमीड येथे १९५३ साली स्मारक झाले. त्यावर २० हजारांहून अधिक नावे आहेत. पण त्या नावांचा क्रम पाहावा. आधी वर्ष, मग दल, मग हुद्दा आणि त्यानंतर आडनावाची वर्णानुक्रमे मांडणी. परिणामी एकाच विमानात, एकाच क्षणी मेलेले अधिकारी आणि सार्जंट वेगवेगळ्या फलकांवर विखुरतात. शिळेवर नाकारलेला हुद्दा यादीत परत येतो. शोधणाऱ्याला ही व्यवस्था सोयीची आहे, हे मान्य करावे लागेल; परंतु जी माणसे एकमेकांवर विसंबून होती त्यांचे नाते ती पुसून टाकते, हेही नाकारता येत नाही.

साहित्याने हा दोष काही अंशी हेरला. रॅन्डल जॅरेलने १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या पाच ओळींच्या कवितेत विमानाच्या पोटाखालच्या काचगोलातील तोफचीला वाचा दिली. स्वतः बॉम्बफेक्या विमानात काम केलेल्या जोसेफ हेलरने 'कॅच-२२' या १९६१ च्या कादंबरीत स्नोडेन या तोफचीचा मृत्यू पुन्हा पुन्हा आठवत ठेवला. जो कथेच्या कडेला असतो त्याला मध्यभागी आणण्याचे हे सामर्थ्य. तरीही या दोन्ही ठिकाणी आठवण एकेकट्याची आहे, समूहाची नव्हे.

आपल्या परंपरेकडे वळले तर वेगळे चित्र दिसते. वीरगळावर झुंज असते, अप्सरांनी स्वर्गाकडे नेणे असते, शिवलिंगाची पूजा असते. नाव मात्र बहुधा नसते. नेसरीच्या खिंडीत १६७४ साली प्रतापराव गुजरांसोबत सहा जण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने सातांची संख्या मराठी मनात कायमची कोरली, ही तिची थोरवी. पण त्या सहांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? तेथे शिळेवर नावे आहेत आणि नाते तुटले आहे. येथे नाते टिकले आहे आणि नावे विरली आहेत.

आदिलाबादच्या भूमीत याच काळातले आणखी एक उदाहरण आहे. युरोपच्या आकाशात 'हैदराबाद' पथक लढत होते, त्या १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात त्याच संस्थानाच्या पोलिसांनी कुमरम भीम आणि त्यांच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. जमिनीसाठी आणि जंगलासाठी ते उभे राहिले होते. २०१६ साली आदिलाबादपासून वेगळा काढलेला जिल्हा भीमांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते उचितच आहे. साथीदार मात्र बहुतेकांच्या बोलण्यात 'साथीदार'च राहिले. एका बाजूला साम्राज्याचे सैनिक, दुसऱ्या बाजूला सत्तेविरुद्ध उठलेले गोंड. दोहोंना एका मापाने तोलण्याचा हेतू येथे नाही. पण विस्मरणाची रीत दोन्हीकडे एकच आहे. एक नाव उरते आणि बाकीचे त्याच्या छायेत जातात.

या रीतीला उत्तरही इथल्याच मातीत सापडण्यासारखे आहे. राजगोंडांचा समाज चार, पाच, सहा आणि सात भावांच्या 'सगां'मध्ये विभागलेला आहे. प्रधान गायक किंगरीच्या साथीने कुळांच्या कथा गातो तेव्हा पूर्वज एकटा येत नाही. तो भावांमध्ये येतो. गोंड समाजाचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी ही व्यवस्था तपशीलाने नोंदवली. नाव आणि नाते एकत्र सांभाळणारा हा लेखनबंध आहे, जरी तो लिहिला न जाता गायला जात असला तरी.

११० क्रमांकाचे पथक १९४२ साली भारतात आले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि २० ऑगस्ट १९४५ रोजी त्याच्या एका मॉस्किटो विमानाने केलेला हल्ला हा त्या युद्धातील ब्रिटिश हवाईदलाचा अखेरचा बॉम्बहल्ला मानला जातो. पहिला आणि अखेरचा, या दोन्ही हल्ल्यांवर आपल्या जुन्या राज्याचे नाव आहे. त्याचा अभिमान बाळगावा असे मला वाटत नाही. ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांनाही नावे होती. पण ते नाव आपले आहे असे म्हणावयाचे असेल, तर त्या नावाखाली मेलेल्यांचा हिशोबही आपल्याकडे येतो. तो मांडताना निदान एवढे पथ्य पाळावे: एमडेन यांचे नाव घेताना त्याच वाक्यात ग्रॉसी, ऑटी आणि इव्हान्स यांचेही घ्यावे. आणि जोडेघाटची कथा सांगताना भीमांपाशी थांबू नये.