अधिष्ठापनेची मराठी

जुना लॅपटॉप विकत घेऊन त्यावर मुक्त प्रणाली बसविणे हा वरकरणी तंत्रज्ञांचा विषय दिसतो. भाषाभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु ह्या कामी यंत्र आणि माणूस ह्यांच्यामध्ये केवळ भाषाच उभी असते. आणि ती भाषा चुकली तर डिस्कवरील पूर्वीचा मजकूर कायमचा नाहीसा होऊ शकतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून, नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणाऱ्या परंतु धडधाकट असलेल्या यंत्रांसाठी हा मार्ग विशेष महत्त्वाचा झाला आहे. म्हणून ह्या भाषेची चिकित्सा आता लांबणीवर टाकणे योग्य नव्हे.

उदाहरणादाखल डेबियन ही प्रणाली घेऊ. १९९३ मध्ये इयन मरडॉक ह्यांनी ती आरंभिली. तिच्या स्थापनाकार्यक्रमात मराठीचा पर्याय आहे. मात्र तो चित्ररूप पडद्यावरच मिळतो, कारण जोडाक्षरे व मात्रा ह्यांची मांडणी साध्या अक्षरपटलाला पेलत नाही. लिपीचा प्रश्न असा अभियंत्यांनी सोडविला. वाक्याचा प्रश्न भाषाभ्यासकांचा आहे.

पहिली अडचण पारिभाषिक शब्दांची. ‘इन्स्टॉल’साठी अधिष्ठापना, प्रतिष्ठापना, स्थापना असे शब्द मराठी अनुवादांत आढळतात. प्रतिष्ठापना म्हणताच मूर्ती डोळ्यांपुढे येते. तरी अर्थ कळतो, हानी होत नाही. ‘पार्टिशन’ची गोष्ट निराळी. इंग्रजीत हा एकच शब्द क्रियेचाही आहे आणि क्रियेच्या फलाचाही. मराठीत दोहोंसाठी ‘विभाजन’ योजले, तर ‘विभाजन काढून टाका’ ह्या आज्ञेचा अर्थ दुहेरी होतो : केलेली वाटणी रद्द करावयाची, की डिस्कचा एक भाग त्यातील मजकुरासह काढावयाचा? क्रियेला ‘विभाजन’ आणि फलाला ‘खंड’ म्हटले की संदिग्धता सरते. येथे वाद संस्कृत की इंग्रजी असा नाही. एका संज्ञेला एकच अर्थ राहतो की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

दुसरी अडचण अधिक खोल, व्याकरणाची आहे. अनुवादकाकडे सुटी वाक्ये येतात. त्यांत रिकाम्या जागा असतात व कार्यक्रम चालताना त्यांत नावे भरली जातात. इंग्रजीत शब्दयोगी अव्ययामुळे नाम विकार पावत नाही, म्हणून हे खपते. मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते. रिकाम्या जागेनंतर ‘ला’ लिहून ठेवले आणि तीत ‘पडदा’ हे नाव आले, तर ‘पडद्याला’ऐवजी ‘पडदाला’ उमटते. लिंगाचेही तसेच : ‘बसविला’, ‘बसविली’, ‘बसविले’ ह्यांतील कोणते रूप लिहावे हे नाम कळल्यावाचून ठरत नाही. अनुवादासाठी वापरली जाणारी गेटटेक्स्ट ही पद्धती वचनभेदाची सोय करते; लिंग व सामान्यरूप ह्यांची करीत नाही. ह्यावर उपाय मराठीतच आहे. ‘पडदा ह्या घटकाला’ अशी रचना केली की विकाराचा भार ‘घटक’ हा आधीच ठाऊक असलेला शब्द उचलतो, आणि ‘हा घटक बसविला’ असे क्रियापदाचे लिंगही त्याच्याशी जुळते.

तिसरी अडचण शैलीची. डिस्कवर बदल लिहिण्यापूर्वी डेबियन संमती विचारते आणि आधीपासून निवडलेले उत्तर ‘नाही’ असे ठेवते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने दाखविलेली ही सावधगिरी अनुवादात उतरली पाहिजे. ‘आधारसामग्रीचा नाश संभवतो’ असे कोणी लिहिले तर ते अशुद्ध ठरणार नाही. पण त्याने वाचक सावध होणार नाही. ‘ह्या डिस्कवरचे सगळे पुसले जाईल, ते परत मिळणार नाही’ हे वाचून त्याचा हात थांबेल. इशाऱ्याच्या भाषेत जड नामांपेक्षा साधी क्रियापदे कामाला येतात.

स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादाला एवढी कठोर कसोटी का, असा आक्षेप ह्यावर घेतला जाईल. तो प्रामाणिक आहे. परंतु ‘मुक्त’ म्हणजे ‘मोफत’ नव्हे. प्रणाली अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली इतरांस देण्याचा अधिकार, हा त्या शब्दाचा आशय आहे. आणि त्या अधिकारात तिची मराठी वाक्येही येतात. छापील ग्रंथातील चूक दाखवून टीकाकाराला थांबावे लागते; येथे तीच चूक दुरुस्त करून पाठविण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे. म्हणून मराठी व भाषाविज्ञान ह्या विभागांतील विद्यार्थ्यांनी ही वाक्ये पदव्युत्तर अभ्यासाचा विषय मानावीत. त्यांचे सामान्यरूपाचे व शब्दार्थाचे ज्ञान एखाद्या अनोळखी वाचकाचा वर्षानुवर्षांचा मजकूर वाचवू शकेल.